फेथ इन गॉड पुरस्कार

फेथ इन गॉड पुरस्कार (शब्दशः अर्थ : देवावरील विश्वास) हा चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या चर्चने आठ ते अकरा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी चालवलेला धार्मिक पुरस्कार कार्यक्रम होता. अमेरिकेतील शालेय रचनेत हे वय प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांचे असते. २००३ मध्ये मुलग्यांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशा दोन मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध झाल्या व त्यांतून कार्यक्रमाला त्याचे परिचित रूप प्राप्त झाले. प्रार्थना, धर्मग्रंथांचे वाचन, सेवाकार्य, कलाकौशल्ये आणि घरातील कामे यांचा या कार्यक्रमात एकत्र विचार केलेला होता. ठरवून दिलेल्या अपेक्षा पूर्ण करणाऱ्या मुलास बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर प्रमाणपत्र दिले जाई. २०१९ च्या अखेरीस हा कार्यक्रम बंद करण्यात आला आणि जानेवारी २०२० पासून त्याची जागा ‘चिल्ड्रेन अँड यूथ’ या नव्या योजनेने घेतली.

लहान मुलांच्या श्रद्धेस पुरस्काराची जोड द्यावी काय, आणि दिल्यास मुलगे व मुली यांना ती सारख्याच प्रमाणात कशी मिळावी, हे दोन प्रश्न या कार्यक्रमाच्या इतिहासात सतत उपस्थित होत राहिले.

चर्चची थोडक्यात ओळख

लॅटर-डे सेंट्स चर्चची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात केली. त्याचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. बायबलबरोबरच ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ पवित्र मानला जात असल्यामुळे या चर्चचे अनुयायी दीर्घकाळ ‘मॉर्मन’ या नावाने ओळखले गेले. २०१८ पासून मात्र चर्चने पूर्ण नावाच्या वापराचा आग्रह धरला आहे.

हे चर्च स्वतःस ख्रिस्ती मानते. त्रैक्याविषयीची त्याची शिकवण परंपरागत ख्रिस्ती मतापेक्षा वेगळी असल्यामुळे अनेक ख्रिस्ती संप्रदाय त्याच्याशी सहमत नाहीत. रोमन कॅथलिक चर्चने २००१ मध्ये या चर्चचा बाप्तिस्मा ग्राह्य धरता येत नाही असा निर्णय दिला होता.

चर्चची रचना समजून घेतल्यास पुरस्काराचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. स्थानिक मंडळीस ‘वॉर्ड’ म्हणतात व तिच्या प्रमुखास ‘बिशप’ ही संज्ञा आहे. कॅथलिक परंपरेतील बिशप हा संपूर्ण धर्मप्रांताचा अधिकारी असतो. येथील बिशप मात्र एका स्थानिक मंडळीचा, काही वर्षांसाठी नेमलेला, बिनपगारी सेवक असतो आणि आपला नोकरीधंदा सांभाळून हे काम करतो. मुलांना शिकवणारे शिक्षक आणि नेत्याही स्वयंसेवकच असतात. फेथ इन गॉड कार्यक्रमाची अंमलबजावणी याच स्वयंसेवकांच्या आणि आईवडिलांच्या हाती होती.

प्रायमरी संघटना

चर्चमधील बालकांच्या संघटनेस ‘प्रायमरी’ असे नाव आहे. युटा राज्यातील फार्मिंग्टन या गावी ऑरेलिया स्पेन्सर रॉजर्स यांच्या पुढाकाराने तिची सुरुवात झाली आणि २५ ऑगस्ट १८७८ रोजी तिची पहिली सभा भरली. गावातील मुलगे रात्री उशिरापर्यंत बाहेर उनाडतात, त्यांना वळण लावणारी एखादी व्यवस्था हवी, असे रॉजर्स यांना वाटत होते. त्यांची मूळ कल्पना मुलग्यांपुरतीच होती. पण सभेत गायन असावे आणि मुलींच्या आवाजाखेरीज ते चांगले होणार नाही, असा विचार पुढे आल्याने मुलींनाही प्रवेश देण्यात आला. स्त्रियांच्या संघटनेच्या नेत्या एलायझा आर. स्नो यांनी या उपक्रमास पाठबळ दिले. पहिल्या सभेस २२४ मुले उपस्थित होती. आज्ञापालन, शिष्टाचार, प्रार्थना आणि गायन हे आरंभीचे विषय होते.

सुमारे शंभर वर्षे प्रायमरीचे वर्ग शाळा सुटल्यानंतर आठवड्यातील एखाद्या दिवशी भरत. १९८० मध्ये चर्चने सर्व सभा रविवारी सलग घेण्याची पद्धत सुरू केली व प्रायमरीही रविवारी भरू लागली. त्यामुळे आठ वर्षांवरील मुलांसाठी आठवड्यात वेगळे उपक्रम घेण्याची निकड वाढली. पुढे फेथ इन गॉड कार्यक्रम याच उपक्रमांना जोडला गेला.

आठ ते अकरा या वयाचे महत्त्व

कार्यक्रमासाठी निवडलेला वयोगट चर्चच्या शिकवणुकीतून ठरलेला होता. लॅटर-डे सेंट्स चर्च अर्भकांना बाप्तिस्मा देत नाही. आठव्या वर्षी बालकास बऱ्यावाइटाची जाण येते आणि तेथपासून ते आपल्या कृतीस जबाबदार ठरते, अशी त्याची धारणा आहे. त्यामुळे बाप्तिस्मा आठव्या वर्षी, पूर्णपणे पाण्यात बुडवून दिला जातो. बाप्तिस्म्याच्या वेळी बालक देवाशी करार करते असे मानले जाते.

दुसरा टप्पा बाराव्या वर्षाचा असतो. या वयात मुलग्यांना ‘अहरोनी याजकपण’ दिले जाते. ते ‘डीकन’ या पहिल्या पदावर नेमले जातात आणि रविवारच्या उपासनेत प्रभुभोजनाची भाकर व पाणी सभासदांपर्यंत नेण्याचे काम करतात. मुलींना याजकपण दिले जात नाही. त्या ‘यंग वुमेन’ या किशोरींच्या संघटनेत प्रवेश करतात. पूर्वी हा बदल प्रत्येकाच्या बाराव्या वाढदिवसाला होत असे. २०१९ पासून ज्या वर्षी मूल बारा वर्षांचे होते त्या वर्षाच्या जानेवारीत संपूर्ण वर्ग एकत्र पुढे जातो.

या दोन टप्प्यांमध्ये सुमारे चार वर्षांचा काळ जातो. बाप्तिस्म्याच्या दिवशी केलेला करार लहान मुलाच्या रोजच्या वागण्यात कसा उतरावा, आणि बाराव्या वर्षी येणाऱ्या जबाबदारीसाठी त्याची तयारी कशी व्हावी, हे फेथ इन गॉड कार्यक्रमाचे मुख्य प्रयोजन होते. किशोरवयीन मुलग्यांसाठी ‘ड्यूटी टू गॉड’ आणि मुलींसाठी ‘पर्सनल प्रोग्रेस’ असे पुढचे कार्यक्रम होते. त्या साखळीतील फेथ इन गॉड ही पहिली कडी होती.

कार्यक्रमाची रचना

मूल आठ वर्षांचे झाले की त्याला छोटी मार्गदर्शक पुस्तिका दिली जाई. मुलगे आणि मुली यांच्या पुस्तिका स्वतंत्र असल्या तरी शेवटचा भाग वगळता त्यांची रचना सारखी होती. पुरस्कारासाठीच्या अपेक्षा पुढीलप्रमाणे होत्या.

पायाभूत अपेक्षा : या चारही वर्षे पाळावयाच्या होत्या. रोज प्रार्थना करणे व धर्मग्रंथ नियमित वाचणे, देवाच्या आज्ञा आणि मुलांसाठी दिलेले वर्तननियम पाळणे, आईवडिलांचा मान राखणे व कुटुंबीयांशी प्रेमाने वागणे, दशमांश देणे, तसेच रविवारच्या उपासनेस व प्रायमरीस नियमित हजर राहणे यांचा त्यांत समावेश होता.

दशमांश म्हणजे आपल्या मिळकतीचा दहावा भाग. ज्या मुलाला एखाद्या कामाबद्दल दहा डॉलर मिळाले त्याने त्यांतील एक डॉलर चर्चला द्यावा, अशी ही शिकवण आहे. वर्षअखेरीस प्रत्येक कुटुंब बिशपची भेट घेऊन आपल्या दशमांशाविषयी सांगत असे आणि लहान मुलेही या भेटीत सहभागी होत.

कृतींचे तीन विभाग : पुस्तिकेतील कृती ‘शुभवर्तमान शिकणे व आचरणे’, ‘इतरांची सेवा’ आणि ‘कलागुणांचा विकास’ या तीन विभागांत मांडल्या होत्या. दरवर्षी प्रत्येक विभागातील किमान दोन कृती पूर्ण कराव्या लागत. याचा अर्थ वर्षाला किमान सहा कृती, म्हणजे सरासरीने दोन महिन्यांत एक. कोणत्या कृती निवडाव्यात हे मूल व त्याचे पालक ठरवत.

श्रद्धेची कलमे : चर्चच्या मतांचा सारांश तेरा छोट्या कलमांत दिलेला आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८४२ मध्ये एका वृत्तपत्र-संपादकास लिहिलेल्या पत्रातून ती घेतलेली आहेत. ही तेरा कलमे पाठ करणे आणि त्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येणे अपेक्षित होते. केवळ पाठांतर पुरेसे मानले जात नसे.

पुढील टप्प्याची तयारी : अकराव्या वर्षी शेवटचा विभाग पूर्ण करावा लागे. मुलग्यांसाठी तो याजकपणाच्या तयारीचा होता. याजकपणाचा इतिहास आणि डीकनाची कर्तव्ये जाणून घेणे, तसेच बिशप किंवा त्याच्या सहकाऱ्यांशी बोलणे असे त्याचे स्वरूप होते. मुलींसाठी तो किशोरींच्या संघटनेची आणि तिच्या मूल्यांची ओळख करून देणारा होता.

साक्ष लिहिणे : आपला विश्वास स्वतःच्या शब्दांत लिहून काढणे, ही अखेरची अपेक्षा होती. चर्चच्या परिभाषेत यास ‘साक्ष’ म्हणतात.

सर्व अपेक्षा पूर्ण झाल्यावर पुस्तिकेतील प्रमाणपत्रावर प्रायमरीची अध्यक्षा आणि बिशप स्वाक्षरी करत व ते मुलाला देण्यात येई. कार्यक्रमात गुण, श्रेणी किंवा क्रमांक यांना स्थान नव्हते. ज्याने अपेक्षा पूर्ण केल्या त्या प्रत्येकास एकच प्रमाणपत्र मिळे.

कृतींचे स्वरूप

तीनही विभागांतील कृती पाहिल्यास चर्चला लहान मुलांच्या धर्मशिक्षणात काय अभिप्रेत होते याची कल्पना येते.

पहिल्या विभागातील बहुतेक कृतींत ‘शिका’ बरोबर ‘शिकवा’ अशी जोड होती. प्रभुभोजन घेतल्याने बाप्तिस्म्याचा करार कसा नव्याने केला जातो हे समजून घ्यावयाचे आणि कौटुंबिक सभेत इतरांना सांगावयाचे. जोसेफ स्मिथ यांच्या पहिल्या दर्शनावर घरच्यांसाठी पाठ घ्यावयाचा. बुक ऑफ मॉर्मनमधील श्रद्धेची एखादी कथा सांगावयाची. पवित्र आत्म्याविषयीची वचने आपल्या ग्रंथात खूण करून ठेवावयाची. या कृतींसाठी ‘फॅमिली होम इव्हिनिंग’ हे सोयीचे व्यासपीठ होते. १९१५ पासून चर्चने या कौटुंबिक सभेचा पुरस्कार केला असून ती प्रामुख्याने सोमवारी संध्याकाळी भरते. घरातील सर्वजण एकत्र बसून प्रार्थना, गाणे, छोटा पाठ आणि खेळ असा तिचा कार्यक्रम असतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने तेथे आईवडिलांना व भावंडांना शिकवावे, अशी योजना होती. शिकवण्याच्या निमित्ताने विषय अधिक पक्का होतो, हे तत्त्व त्यामागे दिसते.

याच विभागात आहारविषयक नियमांचाही अभ्यास होता. १८३३ पासून चालत आलेल्या ‘वर्ड ऑफ विज्डम’ या शिकवणीनुसार चर्चचे सभासद मद्य, तंबाखू, चहा व कॉफी वर्ज्य मानतात. हा नियम समजून घेऊन इतरांना त्याची माहिती देणारा उपक्रम आखण्यास मदत करणे ही एक कृती होती. आपले, आईवडिलांचे आणि आजीआजोबांचे नाव असलेली वंशावळ तयार करून घराण्यातील एखादी गोष्ट सांगणे ही दुसरी. दिवंगत पूर्वजांच्या वतीने मंदिरात विधी करण्याची प्रथा या चर्चमध्ये असल्यामुळे वंशावळीच्या अभ्यासाला तेथे धार्मिक महत्त्व आहे.

दुसऱ्या विभागातील सेवेच्या कृती मुलाच्या आवाक्यातील होत्या. लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचून घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या व्यक्तीस उपयोगी पडेल असे काम करणे, शिक्षक, आईवडील किंवा आजीआजोबा यांना कृतज्ञतेचे पत्र लिहिणे, पौष्टिक जेवणाचा बेत ठरवून ते स्वतः करून वाढणे, लहान मुलांना गाणी-खेळांत रमवणे, शिष्टाचार शिकणे व पाळणे अशा त्या कृती होत्या. जेवण करून वाढण्याची कृती मुलग्यांच्या पुस्तिकेतही होती, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

तिसऱ्या विभागात गाणे शिकणे किंवा वाद्य वाजवणे, कविता, गोष्ट वा नाटुकले लिहिणे, लाकूड, कापड इत्यादींपासून वस्तू बनवणे, चित्र काढणे, कलासंग्रहालयास भेट देणे किंवा संगीताचा कार्यक्रम ऐकणे, महिनाभर व्यायामाचा संकल्प पाळणे, पैशांचे अंदाजपत्रक करून बचत करणे व शिक्षणासाठी पैसे साठवू लागणे अशा गोष्टी होत्या. घरात मदत करता येईल अशा कामांची यादी करणे हीदेखील कलागुणांच्या विभागातील कृती मानली होती. कष्टाची सवय ही शिकून येणारी क्षमता आहे, अशी दृष्टी त्यामागे होती.

कार्यक्रमाची कार्यपद्धती

बहुतांश कृती घरी करावयाच्या होत्या आणि त्यांची पहिली जबाबदारी पालकांची मानली होती. घरच्या प्रयत्नांना पूरक म्हणून स्थानिक मंडळी ‘ॲक्टिव्हिटी डेज’ म्हणजे उपक्रमदिन आयोजित करत. मुलींचे हे मेळावे साधारणपणे महिन्यातून फार तर दोनदा होत. पूर्वी त्यांना ‘अचीव्हमेंट डेज’ म्हणत असत. एखाद्या नेत्याच्या घरी किंवा चर्चच्या सभागृहात दहा-बारा मुली जमत, पाककृती शिकत, वृद्धांना भेटकार्डे तयार करत किंवा गाणे बसवत. पुस्तिकेतील एखादी कृती अशा मेळाव्यात सामूहिकपणे पूर्ण होई.

ज्या मुलाचे पालक चर्चमध्ये फारसे सक्रिय नसत, त्याच्या बाबतीत ही घराधारित रचना अडचणीची ठरू शकत असे. कौटुंबिक सभाच भरत नसेल तर मुलाने पाठ कोठे घ्यावयाचा, हा प्रश्न होता. अशा वेळी प्रायमरीच्या नेत्यांबरोबर, रविवारच्या वर्गात किंवा उपक्रमदिनी काम पूर्ण करण्याची मोकळीक उपयोगी पडे.

स्काउट चळवळीशी संबंध

अमेरिकेतील मुलग्यांच्या बाबतीत कार्यक्रमाचा आणखी एक आधार होता. लॅटर-डे सेंट्स चर्चने १९१३ मध्ये बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संस्थेशी अधिकृत संबंध जोडला. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस लहान मुलग्यांचा ‘कब स्काउट’ विभाग प्रायमरीच्या देखरेखीखाली आला. परिणामी अमेरिका व कॅनडा येथील आठ ते दहा वर्षांचे मुलगे आठवड्यातील उपक्रम कब स्काउट म्हणून करत.

अमेरिकन स्काउट चळवळीच्या प्रतिज्ञेत देवाविषयीच्या कर्तव्याचा उल्लेख आहे व तिच्या नियमांतील बारावा नियम भक्तिभावाचा आहे. चळवळ स्वतः कोणत्याही एका धर्माचे शिक्षण देत नाही. ते काम ज्या त्या धर्मसंस्थेवर सोपवलेले असते. धर्मसंस्था आपापला पुरस्कार ठरवतात आणि तो मिळवणाऱ्या मुलास गणवेशावर धार्मिक गाठीचे चिन्ह लावता येते. मुलांच्या चिन्हात जांभळ्या पार्श्वभूमीवर चंदेरी गाठ असते. या परंपरेची सुरुवात लॉस एंजेलिस येथील कॅथलिक स्काउटांसाठी १९२६ मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅड अल्तारे देई’ या पदकापासून मानली जाते.

लॅटर-डे सेंट्स कुटुंबांतील कब स्काउटांना फेथ इन गॉड पुरस्काराच्या आधारे हे चिन्ह मिळे. त्यामुळे एकाच पुस्तिकेतून मुलग्याला चर्चचे प्रमाणपत्र आणि गणवेशावरील चिन्ह असे दोन्ही प्राप्त होत असे.

अन्य ख्रिस्ती पुरस्कारांशी तुलना

याच वयोगटासाठी अमेरिकेतील इतर ख्रिस्ती परंपरांचेही पुरस्कार आहेत. कॅथलिक मुलांसाठी ‘पार्व्हुली देई’ (लॅटिन भाषेत ‘देवाची लेकरे’) हे पदक आहे. प्रॉटेस्टंट मुलांसाठी ‘गॉड अँड फॅमिली’ हा अभ्यासक्रम चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांकरिता असून तो सेंट लुईस येथील ‘प्रे’ या संस्थेकडून चालवला जातो. या अभ्यासक्रमांत मूल काही आठवडे किंवा महिने एखाद्या समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखाली धडे पूर्ण करते व अखेरीस उपासनेच्या वेळी पदक स्वीकारते.

फेथ इन गॉडचा वेगळेपणा त्याच्या कालावधीत होता. एका अभ्यासक्रमाऐवजी तो चार वर्षे चालणारा, दैनंदिन सवयींवर भर देणारा कार्यक्रम होता. तसेच तो एकाच चर्चच्या सभासदांसाठी आखलेला असल्यामुळे दशमांश, आहारनियम, याजकपण अशा त्या चर्चच्या खास बाबी त्यात ठळकपणे आल्या होत्या.

मुलगे आणि मुली यांच्यातील तफावत

पुस्तिका जवळपास सारख्या असल्या तरी प्रत्यक्ष अनुभवात मोठा फरक होता. अमेरिकेतील कब स्काउटांचे गट बहुधा दर आठवड्याला जमत. त्यांना गणवेश, बिल्ले, लाकडी मोटारींच्या शर्यती, वार्षिक भोजनसमारंभ आणि स्काउट संस्थेचे प्रशिक्षित मार्गदर्शन उपलब्ध होते. स्काउट संस्थेसाठी मंडळ्यांतून दरवर्षी निधीही गोळा केला जाई. त्याच घरातील बहिणीस महिन्यातून फार तर दोन उपक्रमदिन मिळत आणि तिच्या गटाला कोणत्याही राष्ट्रीय संस्थेचा आधार नसे. भावाच्या पदोन्नतीचा समारंभ संपूर्ण कुटुंबासमोर होई. बहिणीचे प्रमाणपत्र अनेकदा चार शब्दांच्या कौतुकावर भागत असे.

चर्चमधील स्त्रियांच्या लेखनातून आणि पालकांच्या चर्चांतून हा प्रश्न वारंवार मांडला गेला. मुलामुलींच्या उपक्रमांसाठीचा निधी समन्यायी असावा, अशी सूचना चर्चच्या प्रशासकीय मार्गदर्शिकेत होती. तिची अंमलबजावणी मात्र स्थानिक नेत्यांच्या दृष्टीवर अवलंबून राहिली. काही मंडळ्यांनी मुलींच्या उपक्रमांची संख्या व खर्च वाढवून समतोल साधला, तर अन्यत्र जुनीच पद्धत चालू राहिली. जेथे कब स्काउटिंग नव्हते अशा देशांत ही दरी तितकी रुंद नव्हती, कारण तेथे मुलगे व मुली दोघांचाही आधार ही पुस्तिकाच होती.

श्रद्धा आणि पुरस्कार

दुसरा प्रश्न अधिक तात्त्विक होता. जेवण करणे, पत्र लिहिणे, कलमे पाठ करणे या गोष्टी पूर्ण झाल्या की नाहीत हे सांगता येते. रोजची प्रार्थना मनापासून झाली काय, हे बाहेरून कोणासही ठरवता येत नाही. पुरस्काराच्या यादीत दोन्ही प्रकारच्या अपेक्षा शेजारी शेजारी होत्या. त्यामुळे मूल यादीवर खुणा करण्यात गुंतेल आणि मूळ हेतू मागे पडेल, अशी शंका घेतली जाई. अकराव्या वर्षाच्या अखेरीस उरलेल्या कृती घाईघाईने उरकण्याचा प्रकारही पालकांच्या परिचयाचा होता.

याउलट बाजू मांडणाऱ्यांच्या मते लहान वयात सवय आधी लागते आणि तिचा अर्थ मागाहून उमगतो. दहा वर्षांच्या मुलाला ‘सेवाभावी हो’ असे सांगण्यापेक्षा ‘आजीला पत्र लिही’ असे सांगणे अधिक उपयोगाचे असते. कार्यक्रमाच्या रचनेतही या अडचणीची जाणीव दिसते. स्पर्धा टाळलेली होती, कृतींची निवड मुलाकडे होती, पाठांतरासोबत अर्थ सांगण्याची अट होती, आणि मुलाने लिहिलेली साक्ष त्याची स्वतःची असावी अशी अपेक्षा होती. तरीही जे मूल सर्व कृती पूर्ण करू शकले नाही त्याची श्रद्धा कमी मानावी काय, या प्रश्नाचे उत्तर प्रमाणपत्राच्या पद्धतीत मिळण्याजोगे नव्हते. प्रमाणपत्र न मिळालेल्या मुलाचाही पुढील संघटनेतील प्रवेश अडत नसे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

कार्यक्रमाची समाप्ती

२०१७ मध्ये चर्चने चौदा वर्षांवरील मुलग्यांसाठीचे स्काउट विभाग सोडत असल्याचे जाहीर केले. ८ मे २०१८ रोजी चर्च आणि बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका यांनी संयुक्त निवेदन काढून ३१ डिसेंबर २०१९ रोजी शतकाहून अधिक काळ चाललेला संबंध संपेल असे कळवले. त्या वेळी स्काउट संस्थेतील मुलांपैकी सुमारे एक-पंचमांश मुले या चर्चची होती. चर्चचे बहुसंख्य सभासद आता अमेरिका व कॅनडा यांच्या बाहेर राहतात, त्यामुळे सर्व देशांतील मुलामुलींना लागू पडेल असा एकच कार्यक्रम हवा, असे कारण देण्यात आले.

त्यानुसार जानेवारी २०२० मध्ये ‘चिल्ड्रेन अँड यूथ’ ही योजना जगभर सुरू झाली. कब स्काउटिंगबरोबर फेथ इन गॉड, ड्यूटी टू गॉड आणि पर्सनल प्रोग्रेस हे तिन्ही कार्यक्रम थांबले. नव्या योजनेचा आधार लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील बावन्नावे वचन हा आहे. त्यात बाल येशूच्या वाढीचे वर्णन आहे. त्यावरून आध्यात्मिक, सामाजिक, शारीरिक आणि बौद्धिक अशी विकासाची चार क्षेत्रे ठरवली आहेत. या क्षेत्रांत मूल आपली उद्दिष्टे स्वतः निवडते. एखाद्या मुलाने पोहायला शिकावे, दुसऱ्याने धाकट्या भावाशी न भांडण्याचा प्रयत्न करावा, तिसऱ्याने रोज एक पान वाचावे, असे ती प्रत्येकाची वेगळी असू शकतात. ठरावीक यादी पूर्ण केल्यावर मिळणारा पुरस्कार ही कल्पना मात्र राहिली नाही. मुलगे आणि मुली यांच्यासाठी योजना एकच आहे.

या बदलाविषयी पालकांत दोन मते आढळतात. काहींना नवी मोकळीक स्वागतार्ह वाटते, कारण तीत मुलाच्या स्वभावाला आणि घरच्या परिस्थितीला वाव आहे. इतरांना जुन्या पुस्तिकेची निश्चितता अधिक उपयुक्त वाटत असे, कारण पुढे काय करावयाचे हे तिच्यात स्पष्ट लिहिलेले होते आणि शिक्षणाचा वा वेळेचा अभाव असलेल्या पालकालाही ती हाताशी धरता येत होती. जेवण करणे, वंशावळ लिहिणे, चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचून शेजाऱ्याला मदत करणे यांसारख्या जुन्या पुस्तिकेतील कल्पना नव्या योजनेतही मुलांना स्वतःची उद्दिष्टे म्हणून निवडता येतात.